साहेबांच्या बुटाची नाडी

वडारवाडीचं समाजमंदिर तेव्हा पत्र्याचं होतं. तिथे पदवीधर पोरींना नोकरीसाठी तयार करणारा वर्ग भरायचा. एकदा एका कंपनीचे दिघेसाहेब मुली निवडायला आले. वर्गातली शेवंता समोर उभी राहिली, पण सवयीने नजर जमिनीलाच.

साहेब कडाडले, "मान वर! खाली बघणाऱ्यांना आम्ही नोकरी देत नाही."

शेवंताने मान वर केली. "साहेब, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय. बांधताना खाली बघावं लागेल. तेवढं चालेल ना?"

पोरी फिसकन हसल्या. साहेबांनी वाकून नाडी बांधली आणि पहिली निवड शेवंताचीच केली.

पत्रे गेले, स्लॅब आला. आता तिथे शेवंताबाई शिकवतात. एखादी पोर खाली बघत आत आली, की बाई आधी आपल्या चपलेचा अंगठा तुटला तर नाही ना, ते तपासतात.