चिठ्ठीवरचं नाव

"म्हणजे फादर, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करणार नाही?"

"आत्ता पोपसाठी करतोय."

"अहो, पोप परवाच वारले."

"म्हणूनच."

कार्डिनल पास्कल रुमाव फादरांसमोर खाली टेकले.

वसईजवळच्या एका गावात निवृत्त धर्मगुरूंचं घर आहे. तिथल्या ओटीवर नव्वदी ओलांडलेले फादर इनास मांडीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसले होते. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत पास्कलना लॅटिन शिकवलं ते त्यांनीच. आता तो विद्यार्थी रोमला निघाला होता. आधी पोपचा दफनविधी, मग बंद दाराआड कार्डिनलांनी आपल्यातूनच करायची नव्या पोपची निवड. फाटकाबाहेर गाडी उभी होती, आणि वार्ताहरही. "आपला माणूस पोप होणार का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा पास्कल नुसते हसले होते. नाही म्हणाले नव्हते.

"माझं नाव चर्चेत आहे, फादर. आशियातले बहुतेक जण माझ्या बाजूचे आहेत, युरोपातलेही वळतील. खोटी नम्रता कशाला दाखवू? हे काम मला जमेल."

"जमेल," फादर म्हणाले. "अभ्यास आहे, उमेद आहे. आणि भाषा तरी किती येतात तुला!"

पास्कलचा चेहरा खुलला. गुरूच्या तोंडून असं कौतुक त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते तिथेच गुडघ्यांवर आले.

"मग आशीर्वाद द्या."

फादरांनी सूप बाजूला सरकवलं. हात मात्र उचलला नाही.

"आत तुम्हाला चिठ्ठी देतात म्हणे?"

"हो. तिच्यावर एकच नाव लिहायचं. मग ती घेऊन वेदीपुढे जायचं आणि शपथ घ्यायची... ख्रिस्त माझा साक्षी आहे, तोच माझा न्याय करील. देवासमोर जो योग्य वाटतो, त्यालाच मी मत देतो आहे."

"तू कोणाचं नाव लिहिणार?"



आपल्याला कोण मत देईल आणि कोण देणार नाही, याचा हिशेब त्यांनी बातमी आली त्याच दिवशी मांडला होता. हा प्रश्न मनात आलाच नव्हता.

"स्पेनचे एक वृद्ध कार्डिनल आहेत. सज्जन गृहस्थ. त्यांना दिलं मत तर..."

"येतील निवडून?"

"छे! त्यांची प्रकृतीच ठीक नसते."

"निवडून येणार नाहीत, म्हणून त्यांना?"

पास्कलचे कान लाल झाले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कोणीच हललं नाही.

"खरं नाव सांग, पास्कू."



"ओडोंगो," पास्कल म्हणाले. "आफ्रिकेतले कार्डिनल. आमचं पटत नाही. एका सभेत सगळ्यांदेखत मला म्हणाले, भाषण सुंदर झालं, पण त्यात माणूस कुठे दिसला नाही. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही."

"आणि?"

"त्यांच्या शहरात दंगल पेटली, तेव्हा त्यांनी आपल्या घराची दारं उघडली. दोन्हीकडची माणसं आत घेतली. घर जाळू, अशा धमक्या आल्या... तर स्वतः दारात खुर्ची टाकून बसले."

"तू असतास तर?"

"... पत्रक काढलं असतं."

फादर हसले नाहीत.

"ते निवडून आले, तर त्यांच्यापुढे गुडघे टेकून आज्ञापालनाचं वचन द्यावं लागेल मला."

"देशील?"

पास्कल बोटातल्या अंगठीकडे बघत राहिले. मग मान वर आली.

"देईन."



तेव्हा कुठे फादर इनासनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पुटपुटत क्रूसाची खूण केली.

पास्कल उठले. झग्याला लागलेली धूळ झटकली. ओटीच्या पायऱ्या उतरता उतरता थबकले.

"फादर... आणि मी पोप झालो नाही तर?"

म्हाताऱ्यानं सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

"तर तुला पोप मिळेल."