करंजनगरचा एकमुखी जबाब

करंजनगरचे माग थंडावले होते. दोन वर्षं कापूस पिकला नाही, घरोघर पातळ आंबिलीवर दिवस निघत होते. आणि नेमका अशा वेळी मानाजीराजांनी हट्ट धरला.

थोरल्या महाराजांनी नगराला आपले पंच आपणच निवडायची मोकळीक दिली होती. "पंचांच्या कारभारावर रयत खूश आहे का?" राजांनी विचारलं.

दिवाण त्र्यंबकपंत नगरभर फिरून आले. "अर्धी खूश, अर्धी नाखूश, महाराज."

"हा काय जबाब झाला? उद्या सूर्य मावळायच्या आत साऱ्या नगराचा एकच जबाब आणा. नाही आला, तर पंच घरी आणि कारभार माझ्या हाती."

पागोट्याचं कापड पोचवायला आलेली साळ्याची गोजरा दारातच उभी होती. पंच काही फार शहाणे नव्हते; पण राजांनी एकदा ठरवलं की पुढे तोंड उघडायची सोय नसे.

"तो जबाब मी आणते, सरकार," ती बोलून गेली.

नगरात दोन तट होते. कोठारवाले म्हणत, अडीअडचणीला सरकारी कोठार उघडावं. बाजारवाले म्हणत, बाजार आपला आपण सावरतो, मध्ये पडू नये. सध्याचे पंच बाजारवाले.

गोजराचा पांडूकाका बाजारवाला. आंबील भुरकत म्हणाला, "पंचायत झकास चाललीय."

शेजारची ठकूआत्या कोठारवाली. वाटीत आंबील तीच. "कसली पंचायत? नुसतं सोंग!"

"आणि मागच्या टंचाईत, कोठारवाले पंच होते तेव्हा?" गोजरानं दोघांना विचारलं.

"तेव्हा झकास होती," आत्या म्हणाली.

"तेव्हा सोंग होतं," काका म्हणाला.

गोजराला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी ती अख्खं नगर वाड्यासमोर घेऊन आली. राजांनी विचारताच अर्धे "खूश" म्हणाले, अर्धे "नाखूश".

"हरलीस, पोरी."

"एक प्रश्न मी विचारू, महाराज?" ती लोकांकडे वळली. "पंच निवडायचा आणि मग त्यांना नावं ठेवायचा हक्क ज्याला सोडायचाय, त्यानं हात वर करा."

एकही हात हलला नाही. काकानं तर दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"हा घ्या एकच जबाब," गोजरा म्हणाली. "आपले पंच असले की माणूस खूश, दुसऱ्याचे असले की नाखूश. पण पंचायत सगळ्यांनाच हवी."

राजांनी भुवया चढवल्या. "आणि मी कारभार पाहिला तर?"

"मग तर सगळेच खूश, महाराज. नाखूश म्हणायची छाती कुणाची आहे?"

दिवाणांनी डोळे मिटून घेतले. राजे मात्र खो खो हसत सुटले.

पंचायत राहिली. गोजराला सोन्याचं कडं मिळालं आणि साळ्यांच्या आळीला परमुलखातून आणवलेला कापूस. तो गाड्यांतून उतरायच्या आतच, हे बरं झालं की वाईट, यावरून काका आणि आत्याची जुंपली होती.