निजवा, झाका

मी नाही म्हणालो होतो. घसा बसलाय, दात उरले नाहीत, आणि ही गोष्ट धड कोणालाच माहीत नाही. पण थोरली नात ऐकायला तयार नाही. म्हणे, आजोबा, तुम्ही गेलात की कोण सांगणार. असं तोंडावर बोलतात हल्ली. बरं, सांगतो. कुठं चुकलं तर मला विचारू नका, ज्यांनी मला सांगितलं तेही आपसात भांडतच गेले.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आज्ज्याचा आज्जा लंगोटीत होता तेव्हा, आमच्या पडळवस्तीत विहिरीखाली वांग्यांचे वाफे होते. जमीन म्हणजे टणक मुरमाची चाळण. पाणी ओतलं की खाली गेलं. वरून ऊन असं, की माती भाजलेल्या पापडासारखी फुटायची. वाफे जगले तर वस्ती जगणार होती. त्या साली दोन घरांनी गाडीत भांडीकुंडी भरून ठेवली होती. वांगी गेली की तेही जाणार, आणि दोन गेली की बाकीची कशाला थांबतील.

अशात हैबती आला. हैबती म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारा म्हातारा धनगर. कोणी म्हणतात तो माणदेशातून आला, कोणी म्हणतात कृष्णेच्या अंगानं. माझी आजी म्हणायची, तो कुठूनच आला नाही, धूळ उडाली आणि आत तो होता. असं म्हणतात.

वस्तीचा कारभारी होता आबाजी. आबाजीनं त्याला विनवलं, मेंढरं आमच्या रानात बसवा. मेंढरं रानात बसली की लेंडी पडते, मूत पडतं, माती सुधारते, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक. हैबतीनं मेंढरं बसवली. पण लोकांना कुठला दम. सकाळी ताजी लेंडी टोपल्यांनी उचलली आणि वांग्यांच्या बुडाशी थापली. ताजी लेंडी कोवळ्या झाडाला म्हणजे तापलेला तवा. चार दिवसांत पानं करपली, कडा तांबूस झाल्या, शेंडे खाली आले.

चूक कोणाची? थापणाऱ्याची. पण बोट कोणाकडं गेलं? हैबतीकडं. जग असंच आहे, मी काय नवीन सांगतोय.

आबाजी म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझ्या लेंडीनं मळा जाळला. आता मळा हिरवा व्हायचा उपाय सांग, मग सावलीत जा. तोवर मेंढरंही हलायची नाहीत."

चैत्राचं ऊन. हैबतीला वाफ्याच्या बांधावर बसवलं. त्याच्या डोक्याला मुंडासं नव्हतं, कारण एक मेंढी सकाळीच व्याली होती आणि मुंडासं त्यानं ओल्या कोकराला गुंडाळलं होतं. बसला बिचारा बोडक्या डोक्यानं. दुपार झाली. लोक लिंबाखाली बसून त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

शेवटी हैबती बोलला. दात नव्हते त्याला, माझ्यासारखेच. अर्धं ओठात, अर्धं वाऱ्यावर. एवढंच ऐकू आलं, "निजवा... झाका... बोडकं ठेवू नका रं."

झालं. लिंबाखाली गोंधळ.

एक म्हणाला, "काय निजवा?"

दुसरा म्हणाला, "खत. खत निजवा म्हणतोय. जागं आहे म्हणून चावलं झाडाला."

गोजराबाई म्हणून एक बाई होती, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "निजवायचं म्हणजे काय, पाळण्यात घालू का लेंडी?"

"तुला येतं ना निजवायला, सात पोरं निजवलीस," आबाजी म्हणाला. "हे आठवं घाल."

"आणि झाका काय?"

"रान झाका. रान बोडकं आहे. बोडकं माणूस शोभतं का? रानाचंही तसंच."

हे सगळं ते इतक्या खात्रीनं बोलले, की माझ्या आज्ज्याला ते सांगतानाही हसू यायचं. मग सगळे उठले. बुडाशी थापलेली लेंडी हातांनी उकरून काढली, लिंबाजवळच्या खड्ड्यात लोटली, वर माती ओढली. गोजराबाई खड्ड्याच्या काठावर बसून खरोखर अंगाई म्हणायला लागली. इकडं आबाजीनं डोक्यावरचं पागोटं काढलं, उलगडलं आणि वाफ्यावर अंथरलं. त्याचं बघून बाकीच्यांनी अंथरली. ज्या माणसांना पागोट्याशिवाय उंबरा ओलांडायची लाज, ती सगळी बोडकी उभी राहिली आणि वाफे मात्र नवरदेवासारखे नटले.

आणि हैबती? त्याच्याकडं कोणी बघितलं नाही. एवढी पागोटी होती, एक त्याच्या डोक्यावर टाकायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बघितलं ते मेंढरांनी. ऊन फार झालं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी राहतात, तुम्ही बघितलं असेल. ती सगळी मेंढरं बांधाकडं गेली आणि हैबतीभोवती तशी उभी राहिली, डोकी आत, शेपट्या बाहेर. त्यांच्या अंगांची सावली त्याच्यावर पडली. तेव्हा गोजराबाईचं गाणं थांबलं. ती म्हणाली, "अहो, म्हाताऱ्याला पाणी तरी पाजलं का कोणी?"

कोणी पाजलं नव्हतं.

सगळे धावले. मेंढरं बाजूला होईनात. ऊन कलल्यावर आपणहून झाली. आत हैबती नव्हता. जिथं तो बसला होता तिथं निजलेल्या माणसाच्या आकाराची काळी ओली माती होती. आबाजीनं हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आमच्या जमिनीत पहारही जात नव्हती, तिथं. असं म्हणतात. तो मेला, की गेला, की मातीच झाला, मला कळलेलं नाही. कोकराला गुंडाळलेलं मुंडासं तेवढं मागं राहिलं.

दुसऱ्या सकाळी पागोटी उचलली. खाली माती ओली. आदल्या दिवशीचं पाणी जिथल्या तिथं, आणि ओल्यात गांडुळं वळवळत होती. वांग्यांनी कोवळे शेंडे धरले. मग बायका म्हणाल्या, पागोटी किती दिवस उन्हात घालणार, गुरांनी चघळून टाकलेली चिपाडं पडलीत की गोठ्यात. तेव्हापासून चिपाडं, लिंबाचा पाला, भुईमुगाची फोलं, जे मिळेल ते वाफ्यावर. पाऊस सरल्यावर खड्डा उघडला तर लेंडीला वास नाही, ऊब नाही, हातात घेतली तर चहाच्या भुकटीसारखी भुसभुशीत. गाडीत भरलेली भांडी परत चुलीकडं गेली. वस्ती उठली नाही.

आता माझा घोळ असा. हैबती रानाचं बोलत होता, की स्वतःचं? उन्हात बसवलेला म्हातारा. मला निजवा, माझं डोकं झाका, बोडकं ठेवू नका, एवढंच म्हणत असेल तर? गाव म्हणतं, तो सिद्धपुरुष, त्यानं मातीचं औषध सांगितलं. माझा आज्जा म्हणायचा, तो माणूस होता आणि त्याला ऊन लागत होतं. दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि डोकं दुखतं. ऐकणाऱ्यांनी चुकीचं ऐकलं असेल, तर चुकीच्या ऐकण्यानं मळा कसा हिरवा झाला? आणि बरोबर ऐकलं असेल, तर आबाजी पुढं जन्मभर बोडका का फिरला? मला कोणी सांगावं.

म्हणून आमच्यात अजून असं करतात. पाडवा झाला की येणाऱ्या रविवारी प्रत्येक घरातला कर्ता पुरुष विहिरीखाली जातो. बांधावर हैबतीचा दगड आहे. डोक्यावरची टोपी, पटका, जे असेल ते आधी त्या दगडावर ठेवायचं, वर तांब्याभर पाणी सोडायचं. मग ते उचलून आपल्या वाफ्यावर ठेवायचं, मग चिपाडं पसरायची. बायका खताच्या खड्ड्याला अंगाई म्हणतात. दिवस मावळेपर्यंत पुरुषानं डोकं झाकायचं नाही. बाहेरचा पाहुणा आला तर त्याला वाटतं गावात मयत झालंय. तसं वाटलं तर वाटू दे.

आधी दगड, मग माती. हे उलटं करायचं नसतं.

यंदा मी माझी टोपी दगडावर ठेवली, पाणी सोडायला तांब्या उचलला. तर मागून एकानं ती उचलली आणि चिखलात वाफ्यावर भिरकावली. म्हणाला, "तात्या, आधी माती झाका. हैबतीबाबांना कुठं ऊन लागतंय."

लागतं. माझा आज्जा सांगून गेलाय, लागतं.

टोपी सुनेनं धुतली, डाग निघाला नाही. डागाचं काही नाही. पण दगड त्या दिवशी पाण्याविना, पुन्हा बोडका राहिला, आणि चुकलं म्हणायला अजून कोणी माझ्या दारात आलेलं नाही. त्याचं नाव सांगू नका म्हणाली नात. सांगतो. पोपट ज्ञानू खिलारे.