ठकू टाकारणीचे टाके

फार फार वर्षांपूर्वी, गिरण्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. घरोघरी जाती होती. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की दाणा भरडत नाही, नुसता घरंगळतो. मग टाकारीण यायची आणि टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, ठोकून दगड पुन्हा खरखरीत करून द्यायची. ठकू अशीच टाकारीण. तिनं टाकी लावलेलं जातं बारा वर्षं गात राहायचं, असं म्हणतात.

तिची लेक साळू कातळमाळला दिली होती. त्या गावची एक रीत होती. पणज्यांच्या काळात मोठा दुष्काळ पडला. कुणाकडे दाणे आहेत नि कुणाकडे नाहीत, हे जात्याच्या आवाजावरून कळायचं आणि उपाशी घराची लाज जायची. म्हणून बायांनी ठरवलं, पहाटे सगळ्यांनी एकदम दळायचं, एकच ओवी म्हणायची, दाणा नसला तरी रिकामं जातं ओढायचं. केवढी माया होती त्यात! दुष्काळ सरला, रीत राहिली. लेकींनी ती आईची म्हणून पाळली. नातींनी लोक काय म्हणतील म्हणून पाळली. पणतींना तर वाटायला लागलं, रीत मोडली की दुष्काळ येणार. कुणाच्या जात्याचा आवाज वेगळा नको, म्हणून त्यांनी टाकारणीलाच वेशीच्या आत घेणं बंद केलं. घ्या, आता या शहाणपणाला काय म्हणावं!

जाती गुळगुळीत झाली. दाणे अख्खेच बाहेर पडायचे, तरी पहाटे सारं गाव जातं ओढायचं.

एकदा साळूचं लेकरू तापानं फणफणलं. त्याला पेज हवी होती, घरात चिमूटभर पीठ नव्हतं. साळूनं कोयत्याच्या टोकानं जात्यावर चार टाके मारले आणि भर दुपारी एकटीनं दळायला घेतलं. रडत रडत ओवी म्हटली, तीही स्वतःची. पीठ पडलं, लेकरू वाचलं. पण गावानं ऐकलं.

एका धनगरानं सांगावा दिला तशी ठकू अनवाणी धावत आली आणि मनाई न जुमानता वेशीच्या आत शिरली.

"पाटील, माझ्या लेकीचं चुकलं काय?"

पाटील, पाटलीण, दारातली पोरं, सगळी एका सुरात बोलली, "सगळ्यांचं ते आपलं. उद्या दळण झालं की तिला कड्यावरून लोटायची."

दुसऱ्या दारी तेच शब्द. तिसऱ्या दारी तर तिनं तोंड उघडायच्या आधीच उत्तर आलं. काकुळतीला येऊन ठकूनं पाटलिणीचे हात धरले, तर तळव्यांवर एकही रेघ नव्हती.

"आये, तू जा. तुलाबी लोटतील," साळू आपल्या दारातून म्हणाली.

"गप गं. टाकारीण हाय मी. दगडाला भिऊ व्हय?"

दुष्काळात पहिल्यांदा रिकामं ओढलेलं जातं वेशीत पुजलेलं होतं. पहाटे गावाची ओवी सुरू झाली तशी ठकूनं त्याच जात्यावर टाकी धरली. वेशीत एक घाव पडला की गावातल्या एका घरच्या जात्यातून ठिणगी उडायची आणि त्या घरची बाई ओवी म्हणता म्हणता थांबायची, असं म्हणतात. मग तिला तिची स्वतःची ओवी सुचायची. उजाडलं तेव्हा प्रत्येक जातं निराळं वाजत होतं, पांढरंशुभ्र पीठ पडत होतं, आणि माणसं एकमेकांकडे बघून ढसाढसा रडत होती.

साळू लेकराला घेऊन वेशीकडे पळाली. "आये!"

ठकूनं मान वर केली. तिच्या तळव्यांवर एकही रेघ उरली नव्हती. लेकीला तिनं ओळखलं नाही. "सगळ्यांचं ते आपलं," एवढंच म्हणाली. मरेपर्यंत साळूनं तिला घास भरवला, पण तिच्या तोंडून दुसरा शब्द आला नाही.

आता कातळमाळला विजेची गिरणी आहे. तरी दर पौषात घरोघरी जातं बाहेर निघतं, त्याला ठकूच्या नावानं पाच टाके पडतात, आणि प्रत्येक बाई आपली नवी ओवी म्हणते. मग सगळ्याजणी वेशीत जाऊन एकमेकींना तळवे दाखवतात, रेघा शाबूत आहेत ना म्हणून.

दर चौथ्या पिढीला दगड गुळगुळीत होतोच, असं म्हणतात. गेल्या पौषात दोन घरांतून एकच ओवी आली, शब्द न् शब्द. वेशीत बायांनी मुठी जरा लवकरच मिटल्या.