तुंकाय राजाने कापलेलं पांघरूण

एका राज्यात जमिनीपेक्षा समुद्र जास्त होता. राज्य म्हणजे नुसती बेटंच बेटं. दक्षिणेच्या बेटावर उंच डोंगर, डोंगरात तळं, आणि तळ्याकाठी त्बोली लोकांची खांबांवर उभी घरं. तिथल्या बायका रानकेळीच्या सोपटातून धागा काढून कापड विणत. नक्षी त्यांना स्वप्नात दिसे, आणि ती दाखवणारी होती फू दालू, त्या झाडाची आणि धाग्याची देवता. तिचा नियम एकच. कापड कापायचं तर आधी त्याला पितळी कडं बांधावं, तिची परवानगी मागावी, मगच पातं लावावं.

येलान नावाच्या विणकरणीने आपल्या बहिणीसाठी, मिनिलसाठी, एक पांघरूण विणलं. बाळंत होणाऱ्या बाईवर त्यांच्यात असं पांघरूण घालत, म्हणजे मूल सुखरूप बाहेर येई. पांघरूण मागावरून उतरलं आणि नेमका तेव्हाच तुंकाय राजा शिकारीच्या निमित्ताने दारावरून गेला. दिसेल ते याला हवं असे. सगळ्याच राजांना ही खोड असते, याला जरा जास्त होती.

"आमच्या अंगरख्याला हे शोभेल," राजा म्हणाला.

"महाराज, न्यायचं तर अख्खं न्या. कापायचं तर आधी कडं बांधा," येलान म्हणाली.

"राजा झाडाची परवानगी मागत नाही."

त्याने तलवार काढली, पांघरूण मधोमध कापलं, अर्धं उचललं, अर्धं चिखलात टाकलं आणि घोडा हाकला.

त्या दिवसापासून राज्यात कुणी जन्मेना. अंड्यांतून पिल्लं निघेनात, पेरलेला भात उगवेना. बायकांचे दिवस भरले, कळा आल्या, मूल मात्र येईना. आणि मग पोटातली मुलं रडू लागली. ओसरीवर बसलेल्या माणसाला ते रडणं स्पष्ट ऐकू येई. बाप कानांवर हात ठेवून रानात निघून जात. आया कुठे जाणार? मिनिल येलानच्या घरात भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते, आणि तिच्या पोटातलं रडणं सर्वांत मोठं होतं.

इकडे राजाने ते अर्धं कापड अंगरख्याच्या पाठीला शिवून घेतलं होतं. अंगरखा उतरवायला गेला, तर तो उतरेना. धागे कातडीत रुजले होते. फू दालूला फरफटत आणा म्हणून त्याने सैनिक पाठवले. ते तिच्या गुहेत शिरले आणि परत आले नाहीत. तेव्हा राजा स्वतः येलानच्या अंगणात येऊन बसला. त्याला आता कशालाच टेकता येत नव्हतं.

"शाप तुझ्या कापडाचा आहे. उतारा तू आण," तो म्हणाला. "रिकाम्या हाताने आलीस तर तुझ्या बहिणीचं मूल मी तलवारीने बाहेर काढीन."

आढ्यावर लिमोकोन पारवा बसला होता. हा पक्षी बोलतो. वाटेत तो ओरडला की त्बोली माणूस कितीही घाईत असो, माघारी वळतो.

पारवा म्हणाला, "कापड जोडायला तीन गोष्टी लागतील. अजगराच्या बिळातलं तांबडं मूळ, बुसाव राक्षसाच्या अंगणातला काळा पाला आणि फू दालूची परवानगी. मी बरोबर येतो. मी ओरडलो की वळ."

येलान निघाली. बिळाशी वाकून तिने हात आत घातला आणि बोटांना मूळ लागलं, इतक्यात पारवा ओरडला. तिने हात मागे घेतला आणि वळली. मागे बिळाचं तोंड मिटलं. ते बीळ नव्हतंच, तो अजगराचा जबडा होता. परतीच्या वाटेवर ओढ्याच्या कडेला तेच तांबडं मूळ उघडं पडलेलं होतं. तिने ते ओच्यात घेतलं.

बुसावच्या कुंपणाशी पोचली तर आतून मिनिलचा आवाज आला. "ताई, मी इथं आहे. ये ना आत." येलानचे पाय आपोआप उचलले गेले. पारवा ओरडला. ती वळली, पण रडत वळली. आवाज तिच्या मागोमाग कोसभर आला आणि शेवटी शेवटी तो बाईचा राहिला नव्हता. सुरक्षित जागी येऊन तिने केस झटकले, तर वाऱ्याने उडालेला काळा पाला केसांत अडकला होता.

उरली परवानगी. गुहेच्या तोंडाशी मागाचा ठोका ऐकू येत होता. आत फू दालू विणत बसली आहे याबद्दल शंकाच नको. येलानने उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि पारवा ओरडला.

"या खेपेला नको ओरडूस," ती म्हणाली. "मी अशीच परतले तर राजा मिनिलला चिरेल."

पारवा पुन्हा ओरडला.

तिची आई असंच ऐकून वळली होती, आजीही वळली होती. पण त्यांच्या मागे तलवार घेऊन कुणी बसलेलं नव्हतं. येलानने उंबरठ्यावरचं पाऊल मागे घेतलं. मग ती वळली, आणि घर येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"परवानगी?" राजाने विचारलं.

"नाही मिळाली."

राजा उठला, तलवार उपसून घरात शिरला आणि दारातच थांबला. येलानच्या मागावर एक म्हातारी विणत बसली होती. तिला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता धागा होता.

"स्वप्न माणसाकडे येतं, माणसाने स्वप्नाच्या घरात शिरायचं नसतं," फू दालू म्हणाली. "माझ्या घरात जे शिरले ते हे." तिने मांडीवरचं कापड पसरलं. नक्षीत सैनिकांचे चेहरे होते आणि सगळ्यांचे डोळे हलत होते.

राजाच्या हातातली तलवार गळली. "मी काय करू?"

"ज्या हाताने कापलंस त्या हाताने परत दे. धागा आज पाठीत आहे, उद्या काळजात जाईल."

राजाने अंगरखा ओढला. कातडीही बरोबर आली. राजा किंचाळला आणि त्याच क्षणी मिनिलच्या पोटातलं रडणं थांबलं. घरात अशी शांतता पसरली की येलानला वाटलं, संपलं सगळं.

तिने मुळाच्या आणि पाल्याच्या रंगात धागा बुडवला आणि चिखलातून उचलून ठेवलेलं अर्धं राजाच्या अर्ध्याला जोडलं. राजाच्या अंगावर सोनं होतं, पितळ नव्हतं. त्याने मिनिलपुढे हात जोडून तिच्या पायातलं कडं मागितलं, स्वतः पांघरुणाला बांधलं आणि झाडाची माफी मागितली. फू दालूने मांडीवरचं कापड झटकलं, तसे सैनिक अंगणात पडले. मागावर मग कुणीच नव्हतं.

पांघरूण घालताच मिनिलला मुलगी झाली. डोळे उघडे, श्वास चालू. बेटाबेटांवर त्याच घटकेला मुलं जन्मली, भाताला कोंब फुटले, पिल्लांनी अंडी फोडली. पण मुलांपैकी एकही रडलं नाही. त्यांचं रडणं आतच संपलं होतं.

ती मुलं मोठी झाली तरी त्यांना रडता येत नव्हतं. दुखलं खुपलं की ती गप्प होऊन बसत. म्हणून त्या राज्यात मूल जरा गप्प बसलं की आई हातातलं काम टाकून धावते, आणि काय झालं ते न विचारता त्याला जवळ घेते.