भिवरा थांबायला शिकली

फार पूर्वी, घाटातल्या दगडांवर अजून कोसांचे आकडेही कोरले नव्हते तेव्हा, एक डोंगरी राज्य होतं. राजधानी वर पठारावर, बंदर खाली समुद्राकाठी, आणि दोहोंच्या मधे उताराचा एकच नागमोडी रस्ता. वरचं टपाल खाली न्यायला राजानं सायकलस्वार ठेवले होते. तेव्हा सायकली कुठून आल्या, असं विचारू नका. या गोष्टीत होत्या.

पण त्या सायकली आपल्यासारख्या नव्हत्या. त्यांना ब्रेक नव्हता. चाक आणि पायडल एकमेकांशी अशी जखडलेली, की चाक फिरलं की पायडल फिरायचंच. पाय सोडून निवांत बसायची सोय नव्हती. सपाटीवर पाय हळूहळू आवळत आणले, तर सायकल थांबायची. उतारावर मात्र कुणी पाय आवळायला गेलं, तर पायडलच त्याचे पाय भिरकावून द्यायचं.

म्हणून घाटात कुणी थांबतच नसे. बंदराजवळ रस्ता वाळूत शिरायचा आणि वाळू सायकलीला थांबवायची. परतीला स्वार डोंगरामागच्या लांबच्या वाटेनं, बैलगाडीत सायकल टाकून वर यायचे. "आम्ही सुटलो की समुद्रालाच टेकतो," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

त्या स्वारांत भिवरा नावाची एक बाई होती. वय तिशीचं. टपाल न्यायची तिची पाळी दर चौथ्या दिवशी असे. तिच्याइतक्या वेगानं घाट उतरणारं दुसरं कुणी नव्हतं. राजानं तिला एकदा भरदरबारात शेलाही दिला होता. पण घाटाच्या मध्यावर एक वळण होतं, आणि ते वळण जवळ आलं की या वेगवान बाईचं लक्ष रस्त्यावरून उडायचं.

त्या वळणापलीकडे सात घरांची एक वाडी होती. पहिलं घर येसूअक्काचं. येसूअक्का म्हणजे भिवराची थोरली बहीण. आईबाप गेले तेव्हा भिवरा चार वर्षांची होती आणि अक्का चोवीसची. अक्कानं लग्नाचा विचार सोडला, नाचणीचं शेत सांभाळलं आणि धाकटीला वाढवलं.

अठराव्या वर्षी भिवरा म्हणाली, "अक्का, मला टपालाची स्वार व्हायचंय."

अक्का म्हणाली, "त्या सायकली थांबत नाहीत म्हणे. जे थांबत नाही ते परतही येत नाही. माझ्या घरात हा विषय नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का झऱ्यावर पाणी आणायला गेली. भिवरानं चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं, दार ओढून घेतलं आणि ती चालत राजधानीला गेली. निरोप घेतला असता, तर जाणं झालं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली होती.

बारा वर्षं दर चौथ्या दिवशी भिवरा त्या वळणावरून वाऱ्यासारखी जायची. वळण घेतलं की घर दिसायचं, आणि पायडलाच्या चार फेऱ्यांत ते मागं पडायचं. तेवढ्यात तिला अक्का दिसायची. अक्का दर वेळी रस्त्याच्या कडेला उभी असायची. तिचे दोन्ही हात हवेत असायचे आणि ती मोठमोठ्यानं काहीतरी ओरडत असायची. तोंड मात्र खालच्या वाटेकडे. भिवराकडे ती बघायची नाही. शब्द वारा खाऊन टाकायचा. उरायचे ते फक्त हात, हाकलून लावणारे, 'जा, जा' म्हणणारे.

'अजून राग गेला नाही,' भिवरा मनाशी म्हणायची. 'अजून मला हाकलते आहे.'

तरीही त्या चार फेऱ्यांसाठी ती जगायची. अक्कानं आज कुठलं लुगडं नेसलं होतं? पडवीत नाचणी वाळत होती का? अंगणातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का? तेवढ्यात जे दिसेल ते ती डोळ्यांत भरून न्यायची आणि चार दिवस पुरवून पुरवून खायची. बंदरावर पोचली की बाकीचे स्वार समुद्राकडे तोंड करून बसायचे. ही डोंगराकडे.

तुम्ही म्हणाल, एवढी ओढ होती तर सुट्टीच्या दिवशी चालत का गेली नाही? वाटेवर काटे नव्हते, पाय मोडले नव्हते. भिवरानंही स्वतःला हे विचारलं होतं. तिनं एक उत्तर जपून ठेवलं होतं: 'सायकल थांबत नाही, त्याला मी काय करू?' उत्तर सोयीचं होतं. ते बारा वर्षं टिकलं.

मग एका सकाळी वळणापलीकडे तिला अक्काच्या हातात काठी दिसली.

केस पांढरे झालेले तिनं पाहिले होते. पाठ वाकू लागलेली पाहिली होती. पण काठी नवीन होती. त्या दिवशी बंदरावर तिनं भाकरी तशीच बांधून ठेवली. 'काठी आली. आता एक दिवस मी वळण घेईन आणि कडेला कुणीच नसेल.'

राजधानीत परतल्यावर ती तडक हैबतीबाबांकडे गेली. हैबतीबाबा जुन्या जमान्यातले स्वार. आता गुडघा आखडला होता, म्हणून टपालवाड्याच्या अंगणात बसून चाकांच्या तारा ताणायचे. उतारावर सायकल थांबवायची विद्या राज्यात त्यांच्या एकट्याकडे उरली होती. त्या विद्येला ते 'घसट' म्हणायचे.

"बाबा, मला घसट शिकवा."

बाबांनी चाकावरून नजर उचलली नाही. "कशाला? तुला तर राजानं न थांबण्याबद्दल शेला दिलाय."

"अर्ध्या घाटात माझी बहीण राहते. तिच्या दारात थांबायचंय."

"मग चालत जा की. अर्ध्या दिवसाची वाट."

भिवरा त्यांच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "चालत पळून आले होते, बाबा. चालत परत गेले तर पळपुटीच ठरेन. सायकलवरून जाऊन तिच्यापुढे थांबायचंय. तू थांबत नाही म्हणाली होतीस ती सायकल बघ थांबली, असं तिला दाखवायचंय."

"म्हणजे भेटायचं नाही, जिंकायचंय," बाबा म्हणाले. पण त्यांनी चाक बाजूला ठेवलं. "चल. अंगणात पाणी ओत. ओल्या फरशीवर चाक लवकर घसरतं."

शिकणं सोपं नव्हतं. बाबा सांगायचे, "वेग घे. पायडलं आडवी आली की बूड उचल आणि पुढं झुक, पार हँडलावर. मागचं चाक हलकं झालं पाहिजे. मग पाय आवळ. पुढचा पाय पायडलाच्या पट्ट्यानं वर ओढ, मागचा खाली दाब, आणि धरून ठेव. चाक फिरायचं थांबेल आणि घसटत जाईल."

भिवरा वेग घ्यायची. पण थांबायची वेळ आली की तिचं अंग आपोआप मागं रेलायचं. मागं रेललं की मागच्या चाकावर भार यायचा, चाक अडायचंच नाही, आणि पायडल तिचे पाय झिडकारून टाकायचं. ती पडायची. कोपरं सोलली, गुडघे फुटले, हनुवटीला खोक पडली.

"मागं का रेलतेस?" बाबांनी विचारलं.

"भीती वाटते. थांबायचं म्हटलं की माणूस मागंच होतो ना?"

"तिथंच सगळे चुकतात, पोरी. ज्याच्यापुढं थांबायचं, त्याच्याकडं झुकावं लागतं. मागं रेलणारा थांबत नाही, नुसता फरफटतो."

त्या दिवशी भिवरा सायकल टेकवून अंगणातच बसली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बाबा, मला अक्काचीच भीती वाटते. थांबले, आणि ती म्हणाली की आता कशाला आलीस, तर? धावताना निदान तिचे शब्द ऐकू येत नाहीत."

हैबतीबाबांनी तिच्या गुडघ्यावर ओला पाला बांधला. म्हणाले, "हं. आता जमेल."

आणि दोन महिन्यांनी जमलं. आधी ओल्या फरशीवर हातभर, मग कोरड्या मातीवर चार हात, मग राजवाड्यामागच्या उतारावर. बाबांनी शेवटी एवढंच बजावलं, "घसट टायर खाते. उतारावर बेतानं. थोडी दे, सोड, पुन्हा दे."

मग तिच्या फेरीचा दिवस उजाडला. भिवरानं पाठीवर टपालाची पिशवी बांधली आणि घाट धरला. उन्हं चढत होती. वाडीच्या वरचं आंब्याचं झाड दिसलं. तिचं अंग मागं रेलू लागलं. तिनं दात आवळले आणि ती पुढं झुकली, पार हँडलावर, आणि पाय आवळले. चाक अडलं. रस्त्यावर काळी रेघ उमटली. धूळ उडाली. सोडायला हवं होतं, पण बारा वर्षांची घाई होती. तिनं चाक सोडलंच नाही. सायकल घसटत, करकरत मंद होत गेली, फाटकन टायर फुटला, आणि वळणाच्या अलीकडेच, आंब्याखाली, सायकल उभी राहिली.

थोडा वेळ भिवराला काही कळेना. घाटात इतकं शांत असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. कुठंतरी होला पक्षी घुमत होता.

फुटक्या चाकाची सायकल मिरवायची कशी? तिनं ती झाडाला टेकवली, पिशवीही तिथंच ठेवली आणि ती चालत वळण ओलांडून गेली.

रस्त्यात एक बाई पाठमोरी उभी होती. हातातल्या काठीनं शेळ्या कडेला हाकत होती आणि खालच्या वाटेकडे बघून ओरडत होती, "ए कोंडाजी, गाडी आत घे! सरू, पोराला उचल आधी! बाजूला व्हा रे सगळे, बाजूला व्हा!"

भिवरा जागच्या जागी थिजली.

पाठीमागं चाहूल लागली तशी त्या बाईनं न वळताच हात झटकला. "कोण ते? वाटेत उभं राहू नका. कडेला व्हा. आता टपालाची सायकल येईल."

भिवरानं कसंबसं विचारलं, "कुणाची?"

"माझ्या धाकट्या बहिणीची. तिला थांबता येत नाही. वळणामुळं पुढचं दिसत नाही तिला. मधे शेळी आली, पोर आलं, तर संपलंच." अक्का पुन्हा एका करडाला काठीनं ढोसत म्हणाली, "बाकीचे दिवस वाडीतलं कुणीही बघतं. चौथा दिवस माझा. बारा वर्षं झाली. एकदाही तिच्या वाटेत काही येऊ दिलं नाही."

शेवटची शेळी कडेला गेली. अक्का वळणाकडे कान देऊन उभी राहिली. रस्ता मोकळा होता. तिनं वाट बघितली. चाकांचा आवाज येईना.

"उशीर का झाला?" ती पुटपुटली.

"अक्का," भिवरा म्हणाली, "ती आज येणार नाही."

अक्का गर्रकन वळली. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते. समोरच्या बाईचा चेहरा तिनं पाहिला, पण ओळखला नाही. ओळखणार कसा? बारा वर्षं तिनं फक्त धूळ पाहिली होती.

"पडली का गं?"

"नाही, अक्का. थांबली."

अक्का बघत राहिली. मग हात पुढं करून तिनं त्या हनुवटीवरची खोक चाचपली, सोललेलं कोपर चाचपलं, दंड चाचपले. काठी रस्त्यावर पडली. "भिवरे," एवढंच ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. वाडीतली माणसं कडेला थांबून बघत राहिली. कुणी त्यांना बाजूला व्हा म्हणालं नाही.

त्या दिवशी टपाल बंदरावर संध्याकाळी पोचलं, तेही चालत. टपाल अधिकाऱ्यानं भिवराला फैलावर घेतलं. शेला परत मागितला. तिनं देऊन टाकला.

त्यानंतर अक्का तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत भिवरा दर चौथ्या दिवशी दारात थांबायची, एक भाकरी भाजून होईल तेवढा वेळ. बारा वर्षांचं बोलणं तेवढ्यात मावायचं नाही. काही अक्का विसरली होती, काही भिवराला सांगता यायचं नाही, आणि पिशवी उचलून निघताना दर वेळी काहीतरी राहूनच जायचं. ते राहिलेलं भिवराला पुढं जन्मभर छळत राहिलं. पण अक्काच्या बोलण्याचा आवाज आता तिला ठाऊक होता. आणि टपालवाड्यातले इतर स्वार एकेक करून अंगणात पाणी ओतू लागले. प्रत्येकाचंच घाटात कुठं ना कुठं एखादं दार होतं.

तात्पर्य: आपल्या भरधाव वेगासाठी कुणीतरी रोज वाट मोकळी करत उभं असतं, ते उभं आहे तोवरच त्याच्याकडे झुकून थांबायला शिकावं.