पाणवठ्यावरची विचारपूस

राजाच्या कुंभारशाळेतून एकदा घागर नेलेली बाई दुसरी न्यायला काही येईना. लोकांना हवंय तरी काय, ते शोधा, असं राजाने दिवाणांना फर्मावलं. दिवाणांनी चार प्रश्नांचा कागद केला. रंग कोणता, उंची किती, नक्षी हवी का, किंमत काय. कारकून हजार घरं फिरले. लाल, उंच, नक्षीदार आणि स्वस्त, असं उत्तर आलं. तशा घागरी घडवल्या, त्याही पडून राहिल्या.

मग राजाने कुंभारशाळाच बंद करायचं ठरवलं. अकरा घरांचं पोट त्या भट्टीवर होतं. तिथल्या गोंदाजी कुंभाराची लेक चिमा तडक दरबारात गेली आणि तिने दोन दिवस मागितले.

"हजार घरांनी सांगितलं नाही ते तुला कोण सांगणार?" दिवाण म्हणाले.

"बारा बायका पुरेत."

राजा म्हणाला, "चुकलीस, तर भट्टीवर पाणी तूच ओतायचंस."

चिमा पाणवठ्यावर जाऊन बसली. घागर घरी नेली त्या दिवसापासूनचं सगळं सांगा, एवढंच तिने विचारलं. बायका सुटल्याच. सासवा, जावा, शेजारणी, सगळं तिने ऐकून घेतलं. शेवटी बाराही जणींनी कमरेवरचे ओरखडे दाखवले. घागरीच्या पोटाला चहूबाजूंनी राजाचे उठावाचे सिंह होते. भरली घागर कमरेवर घेतली की ते सोलून काढत.

दरबारात हे ऐकून राजाच्या भुवया चढल्या. आमच्या सिंहांबद्दल आजवर कुणी तक्रार केली नाही, असं तो म्हणाला.

"कागदावर तो प्रश्नच नव्हता, महाराज. असता तरी तुमच्या कारकुनाला कोण सांगणार? त्यातून कागद भरायला पुरुष पुढे आले. पाणी भरतात बायका."

"बारा बायका म्हणजे राज्य नव्हे," दिवाण म्हणाले.

"खरं आहे, दिवाणजी. म्हणून तुमचा कागद हवाच. बारा जणींनी प्रश्न दिलाय, तो आता हजार जणींना विचारा. पण कारकुनाऐवजी बाई पाठवा."

राजा अजून घुश्शात होता. "आणि सिंह काय पुसून टाकू?"

"कशाला, महाराज? एक बाजू तेवढी मोकळी ठेवा. बाई ती कमरेला लावेल. आतापर्यंत तुमचा एक सिंह पदरात तोंड खुपसून जात होता. आता सगळेच सिंह गाव बघत जातील."

राजा खो खो हसला. भट्टी वाचली. चिमाला त्याने हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि नवा कागद तिनेच सांगायचा, दिवाणांनी लिहायचा, असा हुकूम काढला. मात्र लिहायला बसण्याआधी दिवाणांनी चहूबाजूंनी सिंह असलेली एक जुनी घागर भरून, कमरेवर घेऊन, पाणवठ्यावरून राजवाड्यापर्यंत आणायची होती.